इमारतींचे फोटो कसे काढायचे: ओव्हल मैदान ते सीएसएमटी

इमारतीचा फोटो बिघडायची मोठी कारणं दोनच, एक तर आपण चुकीच्या वेळेला पोचलेलो असतो नाहीतर फार जवळ उभे असतो. फोन कुठला, कॅमेरा केवढ्याचा वगैरे सगळं त्याच्यानंतर. म्हणून इथे सगळं समजावताना मी मुंबईचं ओव्हल मैदान आणि तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर असलेलं सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशन, एवढंच धरून चालतोय, कारण लागतात ते सगळे प्रकार तिथे मिळतात, तिकीट नाही, आणि चर्चगेटला उतरलं की काम सुरू. तुम्ही पुण्यात, नागपुरात, पणजीत असाल तर हेच आपल्या जवळच्या वाड्याला, चर्चला, देवळाला लावून बघा.

१. आधी दिशा, मग बाकी सगळं

घरी बसूनच गूगल मॅप उघडायचा आणि इमारतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघायचं. ओव्हल मैदान उत्तर-दक्षिण पसरलंय. पूर्वेला हायकोर्ट, राजाबाई टॉवर, विद्यापीठाची लायब्ररी अशी १८७० च्या दशकातली गॉथिक (टोकदार कमानी, उंच मनोरे, भरपूर कोरीवकाम) शैलीची दगडी रांग, आणि समोर पश्चिमेला महर्षी कर्वे रोडवर १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको (गोलसर कोपरे, ठसठशीत रेषा अशी त्या काळची आधुनिक शैली) बिल्डिंगा. २०१८ पासून दोन्ही रांगा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आता दगडी रांगेचं तोंड पश्चिमेला, म्हणजे तिला ऊन दुपारनंतर, आणि डेकोवाल्यांचं पूर्वेला, म्हणजे त्यांना सकाळचं. सकाळी आठला राजाबाई टॉवर काढायला गेलात तर सूर्य बरोब्बर टॉवरच्या मागे, आकाश पांढरंफटक आणि टॉवर काळाठिक्कर. तरी लोक तेव्हाच जातात, कारण सकाळी गर्दी नसते म्हणे, आणि मग घरी येऊन ब्राइटनेसशी मारामारी करत बसतात. सकाळी गेलात ना, मग पाठ फिरवा आणि डेको बिल्डिंगा काढा की.

देवळं बहुतेक पूर्वाभिमुख असतात म्हणून तिथे सकाळी लवकर जायचं हे बरोबर, पण तेही बघून घ्या. अंबरनाथचं शिवमंदिर, १०६० सालचं, त्याचं तोंड पश्चिमेला आहे. वेरूळचं कैलास लेणं पण पश्चिमेला बघतं, त्यामुळे तिथे दुपार टळल्यावर मजा. आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, हे न बघता गाडी काढणारे दर वर्षी भेटतात.

उत्तरेकडे तोंड असलेली भिंत असेल तर प्रकरण अवघड. हिवाळ्यात तिच्यावर ऊन येतच नाही. मुंबईच्या अक्षांशावर साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत सूर्य भर दुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण त्यातला निम्मा काळ पावसात जातो. अशा भिंतीसाठी सरळ ढगाळ दिवस पकडा, उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि दगडाचा खरा रंग दिसतो.

२. घड्याळ

“संध्याकाळी जा” एवढं सांगून भागत नाही. राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे आणि समोरच्या डेको बिल्डिंगा पाच-सहा मजली. सूर्य खाली उतरायला लागला की ह्या बिल्डिंगांची सावली मैदानावरून पूर्वेकडे सरकत जाते, क्रिकेट खेळणारी पोरं एकेक करून सावलीत जातात, आणि सूर्यास्ताच्या आधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात ती सावली पलीकडच्या झाडांवर आणि दगडी इमारतींच्या पायथ्यावर चढते. वरचा टॉवर मात्र अजून उन्हात असतो. म्हणजे पायथ्यापासून टोकापर्यंत सगळंच उन्हात हवं असेल तर सूर्यास्ताच्या तास-सव्वा तास आधीच फोटो काढून मोकळं व्हायचं, आणि खाली निळसर सावली, वर एकटा सोनेरी टॉवर असं हवं असेल तर थांबायचं. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेरीला सव्वासात वाजून जातात, त्यामुळे मित्राने “पाचला ये” सांगितलं तर कुठल्या महिन्यात ते पण विचारा.

आणि एक गोष्ट जी फारसं कुणी सांगत नाही. मावळतीचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर समोरून पडतं, रंग झकास येतो पण कोरीवकाम सपाट होतं. नक्षी उठून दिसायला ऊन तिरपं, भिंतीला घासून जाणारं लागतं, आणि पश्चिमेच्या भिंतीवर तसं ऊन दुपारी दीड-दोनच्या आसपास येतं, सूर्य नुकताच अलीकडे कललेला असतो तेव्हा. प्रत्येक पानाखाली, प्रत्येक कंगोऱ्याखाली बारीक काळी सावली धरते. म्हणजे पूर्ण इमारत उशिरा आणि नक्षी लवकर, एकाच फेरीत दोन्ही छान मिळत नाही.

३. मागे सरका

इमारतीच्या पायाशी उभं राहून फोन वर केला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात, बिल्डिंग मागे कलंडल्यासारखी दिसते. झुकते ती फोन मागे झुकवल्यामुळे. फोन जमिनीला काटकोनात सरळ उभा धरला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात, फक्त मग इमारतीचा शेंडा फ्रेमबाहेर जातो, आणि त्याला उपाय एकच, मागे जायचं. ओव्हल ह्याच्यासाठीच भारी आहे, मागे जायला अख्खं मैदान आहे. मधून जी पायवाट जाते तिथून सुरू करा आणि पश्चिमेच्या कुंपणापर्यंत मागे जात जात दर थोड्या पावलांनी एक फोटो घ्या, घरी जाऊन बघाल तर टॉवर आणि खालची लायब्ररी ह्यांचं प्रमाण प्रत्येक फोटोत बदललेलं दिसेल. भाऊराव पाटील मार्गाकडची झाडं दगडी रांगेच्या बऱ्याच भागावर येतात, त्यामुळे एखादी फट शोधावी लागते, दोन पावलं डावीकडे, चार उजवीकडे, लाजायचं नाही.

०.५ ची वाइड लेन्स शेवटचा पर्याय म्हणून ठेवा. तिने सगळं मावतं पण कडेच्या गोष्टी ताणल्या जातात आणि मागची इमारत इवलीशी होते. लांब जाऊन २ किंवा ३ झूम केलं तर इमारत जशी डोळ्याला वाटते तशी भारदस्त येते. लांब जायला जागाच नसेल, फोर्टातल्या गल्ल्यांत नसतेच, तर पूर्ण इमारतीचा नाद सोडा, दार, जिना, कोपरा, एवढंच काढा. किंवा समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर कुणी ओळखीचं असेल तर चहाला जा, अर्ध्या उंचीवरून फोन वर करावाच लागत नाही.

४. फोनमधलं सेटिंग

ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा, चालू करा. लेव्हल, म्हणजे फोन तिरका झाला तर दाखवणारी रेघ, असेल तर तीपण. लेन्स पुसा, खिशातल्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा असतो आणि मग दिव्यांभोवती धुकं येतं. स्क्रीनवर इमारतीचा सगळ्यात उजळ भाग दाबून धरा, लॉक झालं की उजेड किंचित कमी करा, कारण काळोखातलं थोडंफार नंतर वर काढता येतं पण जळून पांढरं झालेलं आकाश परत येत नाही. रॉ ची (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जपणाऱ्या फाइलची) सोय असेल तर वापरा, मोठा कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र एफ ८ वर आणि उजेडाची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, १०० वर. झालं, ह्यापुढे सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.

चारी बाजूंना थोडी जास्त जागा सोडायची सवय लावा. नंतर रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात आणि नेमका कळस जातो.

५. पूर्ण रांगेचं चित्र बनवा

डेको रांगेतली एकेक बिल्डिंग सुंदर आहेच, एम्प्रेस कोर्ट, कोर्ट व्ह्यू, रज्जब महल, गोलाकार बाल्कन्या, खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे, आणि नावांची अक्षरं तर वेगळी बघण्यासारखी. पण खरी मजा अख्ख्या रांगेत आहे आणि ती एका फोटोत मावत नाही. तर असं करायचं: सकाळी मैदानाच्या आतून, रांगेपासून एकच अंतर राखून, उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत जायचं, फोन प्रत्येक वेळी बिल्डिंगच्या अगदी समोर, उंची तीच, झूम तोच, एक्स्पोजर (उजेडाचं सेटिंग) लॉक. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला साधारण एक तृतीयांश भाग आला पाहिजे. फोनचा पॅनोरमा इथे चालत नाही, कारण तो एका जागी उभं राहून फिरवायचा असतो आणि रांग केळ्यासारखी वाकते. नंतर हे सगळे फोटो एडिटिंग ॲपमध्ये एकाशेजारी एक ठेवून जुळवायचे. पुढची झाडं आणि गाड्या जोडाच्या जागी जुळणार नाहीत हे आधीच सांगतो, त्यामुळे जोड शक्यतो दोन बिल्डिंगांमधल्या फटीत घ्या. उन्हाचा कोन बदलायच्या आत सगळं उरका, ढग येतजात असतील त्या दिवशी करूच नका.

६. जवळचं

सीएसएमटीला जा आणि निदान एकदा घुमटाकडे न बघता खालचंच बघा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ, सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर पानं, पक्षी, प्राणी, तोंडं, ह्यातलं बरंच कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं आहे. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, काम सुरू १८७८ मध्ये आणि चाललं दहा वर्षं. समोरची महापालिकेची इमारतही, १८९३ ची, त्याचीच. एक मोर किंवा एक तोंड निवडा आणि झूम करून फ्रेम भरून काढा, जवळ दुसरं काही नको. राजाबाई टॉवरवर पण वरती पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांचे दगडी पुतळे आहेत, ते खालून नुसत्या डोळ्यांना नीट कळतही नाहीत, चांगला झूम असेल तर ही संधी सोडू नका.

माणूस फ्रेममध्ये येतोय म्हणून थांबू नका. दाराशी एक डबेवाला उभा असला की दार किती मोठं आहे ते लगेच कळतं.

७. दिवे लागल्यावर

सीएसएमटीचे दिवे लागतात आणि आकाश अजून निळं असतं अशी पंधरावीस मिनिटंच मिळतात, आपल्याकडे अंधार पटकन पडतो. ट्रायपॉड किंवा काहीतरी टेकू, टायमर दोन सेकंदांचा म्हणजे बोट लागून हलणार नाही, आणि आठ-दहा सेकंदांचं एक्स्पोजर दिलं, म्हणजे तेवढा वेळ उजेड आत येऊ दिला, की रस्त्यावरच्या गाड्या नाहीशा होऊन फक्त दिव्यांच्या रेषा उरतात. बेस्टची बस जाताना काढा, रेषा उंचावर येते आणि फ्रेम भरते. गडद रंगीत रोषणाई असेल त्या दिवशी मी फोटो काढत नाही, दगडाचा पोतच दिसत नाही, पण ही माझी आवड झाली.

८. वॉचमन आणि कायदा

रस्त्यावरून, हातात फोन धरून बाहेरून काढलेल्या फोटोला सहसा कुणी काही बोलत नाही. ट्रायपॉड उघडला की शिट्टी वाजते.

“ओ साहेब, परमिशन आहे का?”

“काका, दोनच मिनिटं, रस्त्यावरूनच घेतोय.”

“स्टँड आत टाका आधी, मग काय ते घ्या.”

आत टाकायचा. वाद घालून आजवर कुणाला चांगला फोटो मिळालेला नाही. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, कोर्टाच्या आत फोटो काढायचेच नाहीत, आणि ड्रोन तर दक्षिण मुंबईत डोक्यातूनच काढून टाका. डेको बिल्डिंगांत लोक राहतात, कुणाच्या बेडरूमच्या खिडकीवर झूम करू नका.

कॉपीराइटचं म्हणाल तर १९५७ च्या कायद्यातल्या कलम ५२ प्रमाणे इमारतीचा फोटो किंवा चित्र काढणं, छापणं हे उल्लंघन धरलं जात नाही. ट्रेडमार्क ही वेगळी भानगड. कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या इमारतीचं रूपच ट्रेडमार्क म्हणून नोंदवलंय. तुम्ही फोटो काढा, इन्स्टावर टाका, पण त्याचे टीशर्ट छापून विकायचे असतील तर आधी विचारा.

९. एडिटिंग

क्रम असा ठेवा: आधी उभ्या रेषा सरळ, मग क्रॉप, मग उजेड, रंग सगळ्यात शेवटी. स्नॅपसीडमध्ये पर्स्पेक्टिव्ह आहे, लाइटरूममध्ये जॉमेट्री, दोन्ही मोबाईलवर चालतात. थोडंसं झुकलेलं सरळ होतं, पण पायाशी उभं राहून काढलेला फोटो जबरदस्तीने सरळ केलात तर बिल्डिंग वरून रुंद आणि लांबुडकी दिसते, मग थोडा झुकाव राहू द्यावा ते बरं. हा दगड पिवळट बदामी आहे, सॅच्युरेशन वाढवून त्याचा हापूस करू नका.

एआयने वायरी, होर्डिंग, गाड्या पुसता येतात आता, एका बोटाने. भिंतीवर लावायला करा की, कोण अडवतंय. पण ते टूल पुसलेल्या जागी स्वतःच्या मनाने दगड भरतं, खिडकीतली जाळी बदलते, एखादी कमानच वेगळी होते, आणि तो फोटो उद्या कुणी “पूर्वी असं होतं” म्हणून वापरला तर पंचाईत. म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवायची, आणि फाइलच्या नावातच इमारत, बाजू, तारीख टाकायची, उदाहरणार्थ “राजाबाई टॉवर, पश्चिम बाजू, डिसेंबर”. गावातल्या जुन्या देवळाचे, वाड्याचे असे चारी बाजूंचे फोटो असतील तर विकिमीडिया कॉमन्सवर चढवा, मराठीत वर्णन लिहिता येतं तिथे. अपलोड करताना परवान्याचं पान नीट वाचा, कारण तुमचं नाव देऊन तो फोटो कुणीही, पैसे कमवायलासुद्धा, वापरू शकतं आणि ते नंतर मागे घेता येत नाही.