पाय भरून येतो? आधी मोजा काढा : धमनीच्या आजारात होणाऱ्या या चुका टाळा

"डॉक्टर, नस दबलीय." "डॉक्टर, नस ब्लॉक झालीय." "डॉक्टर, पायाच्या नसा फुगल्यात." एकाच सकाळच्या ओपीडीत ही तीन वाक्यं ऐकू येतात आणि प्रत्येकाची नस वेगळी असते. पहिल्याची नस म्हणजे मज्जातंतू, दुसऱ्याची धमनी, तिसऱ्याची अशुद्ध रक्ताची शीर. तिन्हींचे आजार वेगळे आणि उपचार तर कधीकधी एकमेकांच्या अगदी उलट. मी पंचवीस वर्षं सोलापूर भागात सर्जन म्हणून काम करतोय आणि या एका शब्दाच्या गोंधळातून गेलेली बोटं आणि पावलं मी पाहिली आहेत. म्हणून माझ्याकडे 'नस' म्हटलं की मी पेशंटला थांबवतो आणि विचारतो, नस राहू द्या, त्रास काय होतो ते सांगा.

चुक पहिली : पायाला हात न लावता मणक्याचा एमआरआय

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

ज्वारीची शेती करणारे एक काका, वय अठ्ठावन्न, तीस वर्षांची विडी. घरापासून बोअरपर्यंत चालत निघाले की ठरावीक बांधापाशी उजवी पोटरी भरून यायची. उभं राहून दोन-तीन मिनिटं गेली की मोकळी व्हायची. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा तोच गोळा. त्यांना एका ठिकाणी सायटिका, म्हणजे कमरेतला मज्जातंतू दबून पायात उतरणारी कळ, सांगितली गेली. एमआरआय झाला, 'मणक्यात गॅप' निघाली. साठीच्या जवळपासच्या माणसाचा एमआरआय काढला तर काही ना काही झिजलेलं निघतंच. मग पट्टा, वजन लावणं, शेक, गोळ्या. चौदा महिने.

त्यानंतर रात्री पाऊल ठणकायला लागलं. आडवं झालं की कळ, पाय खाली सोडला की बरं. धमनी अरुंद झालेल्या पायाचं हे अगदी ठळक लक्षण आहे, कारण पाय खाली सोडला की निदान गुरुत्वाकर्षणाने तरी रक्त खाली उतरतं. काका खुर्चीत बसून झोपायला लागले. सतत लोंबकळून पाऊल सुजलं. सूज दिसली म्हणून लघवीची गोळी सुरू झाली आणि 'नसांसाठी' घट्ट मोजाही दिला गेला. आधीच रक्त पोचत नव्हतं, त्यावर दाब आला. तीन आठवड्यांत दोन बोटं काळी पडली.

माझ्याकडे आले तेव्हा फाइल तीन इंच जाड होती. मोजा काढला, पाऊल गार. घोट्याजवळ नाडी नाही, गुडघ्यामागे नाही, जांघेतही नाही. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या एक तृतीयांशसुद्धा नव्हता. पायाच्या धमनीचा बायपास झाला, पाय वाचला, दोन बोटं गेली. काकू म्हणाल्या, "एवढे फोटो काढले, पण पायाला हात कुणीच लावला नव्हता." मला ते वाक्य अजून सोडत नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. पेशंट खुर्चीत बसला की आधी दोन्ही पायांतलं पायताण आणि मोजे काढायला लावतो, मग बोलतो. नाड्या दोन ठिकाणी बघायच्या. एक पावलाच्या पाठीवर, पायाचा अंगठा वर उचलला की उठून दिसणाऱ्या दोरीच्या बाहेरच्या बाजूला. दुसरी आतल्या घोट्याच्या हाडामागे. काही निरोगी माणसांतही पाठीवरची नाडी हाताला लागत नाही, पण घोट्यामागचीही लागली नाही तर गप्प बसायचं नाही. अर्धा मिनिट लागतं. नव्याने आलेली डॉक्टर मुलं पेशंटने मोजे काढायच्या आधी एमआरआयची चिठ्ठी लिहितात, त्याचा मला खरोखर राग येतो. यंत्र हाताशी आहे म्हणून बोटं वापरायची नाहीत, हा आळस आहे.

उलटी चूक : मणक्याच्या दुखण्याला धमनीचं समजणं

ही चूक माझीच. एक मावशी, मधुमेह, वय सहासष्ट, चालताना दोन्ही पोटऱ्या भरून यायच्या. मधुमेह ऐकला आणि मी धमनीच धरून चाललो. डॉपलर करून घेतला, रक्तप्रवाह उत्तम. दुसऱ्या वेळी त्या सहज म्हणाल्या, "गिरणीत दळण नेताना सायकलवर डबा ठेवून ढकलत जाते, तेव्हा कायच होत नाही. पण पंढरपूरला दर्शनबारीत उभी राहिले की पाय गळतात."

सगळं उत्तर या दोन वाक्यांत होतं. कमरेच्या मणक्यातली मज्जातंतूंची वाट अरुंद झाली की ताठ उभं राहिल्यावर ती आणखी आवळते आणि पुढे वाकलं की थोडी मोकळी होते. सायकल ढकलताना माणूस वाकलेला असतो. धमनीचं दुखणं नुसतं उभं राहून येत नाही, कारण उभ्या पोटरीला फार रक्त लागत नाही. ते चाललं की येतं आणि थांबलं की काही मिनिटांत जातं, बसावं लागत नाही. मणक्याचा पेशंट मात्र बसायला कट्टा शोधतो किंवा गुडघ्यांवर हात टेकून वाकतो.

तेव्हापासून माझा एकच प्रश्न ठरलाय : "दुखायला लागल्यावर नुसतं थांबता, की बसावं लागतं?" चढावर जास्त दुखलं तर धमनी, उतारावर जास्त दुखलं तर मणका, हाही उपयोगी पडणारा ठोकताळा. दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, विशेषतः साठीनंतर, म्हणून एक सापडलं की दुसऱ्याचा शोध थांबवू नका.

चुक : 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, म्हणजे धमनीचं काही नाही'

पस्तीस-चाळीस वर्षांचा पुरुष, विडी किंवा तंबाखू, तळपायाच्या कमानीत चालताना दुखणं, बोटाला बरी न होणारी जखम. साखर, कोलेस्टेरॉल सगळं ठीक. याला सपाट तळवा, टाचेचं दुखणं, कुरूप, चिखल्या असं काहीही सांगितलं जातं. असतो बर्गरचा आजार. 1879 साली फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी त्याचं वर्णन केलं आणि 1908 साली न्यूयॉर्कमध्ये लिओ बर्गर यांनी कापाव्या लागलेल्या पायांतल्या रक्तवाहिन्या तपासून तो नीट मांडला. यात चरबी साचत नाही. लहान आणि मध्यम धमन्यांना सूज येऊन आत गुठळ्या होतात, शेजारच्या शिराही सापडतात. कातडीखाली लाल, दुखरी दोरी येते, जाते आणि पुन्हा दुसरीकडे उमटते, त्याकडे लक्ष ठेवा. हातांची बोटंही सुटत नाहीत.

इलाज एकच, तंबाखू पूर्ण बंद. विडी बंद करून मावा चालू ठेवला तर काही उपयोग नाही. मिश्रीही तंबाखूच, दात घासण्याची असली तरी. 2012 पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण खिशात काय आहे ते मी विचारतोच. निकोटिनची च्युइंगगमसुद्धा मी या पेशंटना देत नाही. "दिवसाला दोनवर आणलीय डॉक्टर," असं अभिमानाने सांगणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो की दोन विड्यांनीही बोट जातं. ज्यांनी खरंच सोडली, त्यातल्या बहुतेकांचे पाय माझ्यासमोर वाचलेत.

चुक : तळपायाची आग म्हणजे ब्लॉकेज

रात्री दोन्ही तळपायांची आग, मुंग्या, मोजा घातल्यासारखा बधिरपणा, पण पाऊल उबदार आणि नाडी टणटणीत. हे मज्जातंतूंचं काम. मधुमेह बघा, बी-12 बघा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि दूध-दुभतंही कमी असलेल्या शाकाहारी घरांत बी-12 कमी निघतं. यासाठी अँजिओग्राफीचं पॅकेज घेणाऱ्यांना मी परत पाठवलंय.

मात्र मधुमेहात एक सापळा आहे. बधिर पायाला धमनीचं दुखणंही कळत नाही. पोटरी भरून येत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि थेट जखमच दिसते.

चुक : कडक धमनी आणि अरुंद धमनी एकच समजणं

घोट्याजवळ मोजलेला वरचा (सिस्टॉलिक) रक्तदाब भागिले दंडावर मोजलेला वरचा रक्तदाब, हा साधा भागाकार. 1.0 ते 1.4 ठीक, 0.9 किंवा खाली गेला तर धमनी अरुंद. लोक इथे थांबतात. पण 1.4 च्या वर गेला तर आनंदाने घरी जाऊ नका. जुन्या मधुमेहात आणि किडनीच्या आजारात धमनीच्या मधल्या थरात चुना (कॅल्शियम) साचतो, ती पाइपसारखी होते, रक्तदाबाच्या पट्ट्याने दबतच नाही आणि आकडा खोटा चढतो. हा चुना 1903 साली योहान म्योंकेबेर्ग यांनी वर्णिला. तो एक्स-रेमध्ये रुळासारखा दिसतो आणि तेवढ्यावर "नस ब्लॉक" सांगितलं जातं. हा चुना एकट्याने वाट बंद करत नाही. उलट त्याच पायात आतून खरा अडथळाही असू शकतो आणि आकडा तो लपवतो. अशा वेळी मी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगतो, कारण बोटांच्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत.

थोडक्यात सांगण्यासारखं बाकीचं. फुगलेल्या शिरांचे पाय संध्याकाळी जड होतात आणि उशीवर ठेवले की हलके होतात. धमनीच्या पायाखाली उशी देऊ नका. नाडी बघितल्याशिवाय घट्ट मोजा नको. बधिर किंवा गार पायाला गरम पाण्याची पिशवी तर अजिबातच नको, भाजलेलं कळत नाही आणि भरून येत नाही. थंडीत बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर तो रेनॉचा त्रास, 1862 पासून माहीत असलेला. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यावर दोन्ही मांड्या दुखू लागल्या तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. 'नसा साफ करणारी' सलाइनं आणि काढे यांवर पैसे घालवू नका. साचलेला थर त्यांनी धुऊन निघत नाही.

तरुण मुलीचा रक्तदाब एका हातात सापडत नसेल तर "अशक्तपणा आहे" म्हणून सोडू नका. दोन्ही हातांत मोजा, पायात मोजा. मिकितो ताकायासु या जपानी नेत्रतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा धमन्यांच्या सुजेचा आजार असाच लपतो. धमनी बंद झालेल्या हातात दाब कमी दिसतो आणि प्रत्यक्षात तो धोकादायक चढलेला असू शकतो.

आणि एक गोष्ट अशी आहे जिच्यात थांबायला वेळच नाही. काल चांगला असलेला पाय आज अचानक प्रचंड दुखतोय, पांढरा, गार आणि बोटं हलत नाहीत. ही हळूहळू साचलेली धमनी नाही. बहुतेक वेळा हृदयातून निघालेली गुठळी येऊन अडकलेली असते, विशेषतः ठोके अनियमित असलेल्या किंवा झडपेचा आजार असलेल्या माणसात. साधारण सहा तासांच्या आत रक्त सुरू झालं तर पाय वाचायची आशा चांगली. चोळू नका, शेकू नका, पाय उंच ठेवू नका, सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा, जिथे रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते तिथे वाटेतूनच फोन करा आणि दुखायला नक्की किती वाजता लागलं ते सांगा.