सेप्टिक शॉकमध्ये बीपी वाढले, पण हृदयाचे काय? या चुका टाळा

सेप्टिक शॉक म्हणजे गंभीर संसर्गामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या घसरणे. अशा रुग्णांबाबत आपल्याकडच्या आयसीयूत ‘पेशंट इनोट्रोपवर (हृदयाचे आकुंचन वाढवणाऱ्या औषधावर) आहे’ हे वाक्य दिवसातून अनेकदा ऐकू येते आणि बहुतेक वेळा त्या सिरिंज पंपात नॉरॲड्रेनालिन असते. नॉरॲड्रेनालिन मुख्यतः रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयाच्या आकुंचनाला त्याचा हातभार तुलनेने थोडाच असतो; खऱ्या अर्थाने इनोट्रोप म्हणावे असे औषध म्हणजे डोब्युटामिन. हा नुसता शब्दांचा घोळ असता तर सोडून देता आला असता. पण एकदा ‘इनोट्रोप’ म्हटले की पंपाचा वेग वाढवणारा निवासी डॉक्टर आपण हृदयाला बळ देत आहोत असे धरून चालतो, आणि प्रत्यक्षात त्याच हृदयाला ज्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायचे आहे तो दाब तो वाढवत असतो. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ या गैरसमजात आहे.

दाखल होतानाच्या इकोवर विसंबून राहणे

सेप्टिक शॉकमध्ये रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात. सैल वाहिन्यांत रक्त ढकलायला फारसे बळ लागत नाही, त्यामुळे आतून दुबळे झालेले डावे व्हेंट्रिकलही (शरीराला रक्त पुरवणारा हृदयाचा खालचा कप्पा) सहज रिकामे होते आणि इकोच्या अहवालात इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला व्हेंट्रिकलमधून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा हिस्सा) ६० टक्के असे दिलासा देणारे लिहून येते. नॉरॲड्रेनालिनने वाहिन्यांचा ताण परत आला की तोपर्यंत झाकलेला दुबळेपणा उघड होतो. सेप्सिसमध्ये व्हेंट्रिकल फुगते, त्याचे आकुंचन मंदावते आणि वाचलेल्या रुग्णांत ते साधारण दहा दिवसांत पूर्ववत होते, हे अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधील मार्गारेट पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच दाखवून दिले होते.

आमच्याकडे मूत्रमार्गाच्या संसर्गातून शॉकमध्ये गेलेल्या, साठीतल्या एका बाईंच्या बाबतीत आम्ही ही चूक केली. दाखल होताना टू-डी इको झाला होता आणि फाइलवर ‘हृदयाचे कार्य चांगले’ असा शेरा होता. रात्रभरात नॉरॲड्रेनालिनचा डोस दर किलोला मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅमवरून ०.४ पर्यंत गेला. पहाटे मॉनिटरवर सरासरी धमनीदाब, म्हणजे एमएपी, ६८ दिसत होता आणि रात्रपाळीच्या नोंदीत ‘बीपी स्थिर’ असे लिहिले होते. पांघरूण बाजूला केल्यावर मात्र वेगळे चित्र दिसले. गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली होती, पावले गार पडली होती, बोटाचे टोक दाबून सोडल्यावर रंग परतायला पाच सेकंद लागत होते, लघवी तासाला जेमतेम १० मिली होती आणि लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडले की रक्तात वाढणारा घटक) वाढून ५ च्या पुढे गेले होते. पुन्हा प्रोब ठेवला तेव्हा इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्क्यांच्या आसपास होते. कमी डोसने डोब्युटामिन सुरू केल्यावर दुपारपर्यंत पावले कोमट झाली आणि नॉरॲड्रेनालिन उतरवता आले. पहिला इको फाइलला लागलेला होता म्हणून दुसरा करावा असे रात्री कोणाच्याही मनात आले नव्हते.

म्हणून डोस वेगाने चढत असेल, विशेषतः ०.२५ च्या वर जात असेल, तर बेडशेजारी इको पुन्हा करावा. २०२१ च्या ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन’च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पुरेसे द्रव आणि पुरेसा दाब असूनही अवयवांना रक्त पोहोचत नसेल आणि हृदय दुबळे असेल, तर नॉरॲड्रेनालिनला डोब्युटामिनची जोड द्यावी किंवा एकटे ॲड्रेनालिन वापरावे. पावसाळ्यात कोकणातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णांत हृदयाच्या स्नायूलाच सूज असू शकते, तेव्हा तिथे इकोसाठी डोस चढण्याची वाटही पाहू नये.

औषधाला घाबरून उशीर करणे

वरचे वाचून कोणी नॉरॲड्रेनालिनला शत्रू समजू नये. डाव्या व्हेंट्रिकलच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः डायस्टोलमध्ये, म्हणजे हृदय सैल पडते तेव्हा, आणि डायस्टोलिक दाब ४० च्या खाली घसरलेला असताना एकामागून एक सलाईन चढवत बसणे म्हणजे हृदयाला उपाशी ठेवून कामाला जुंपणे होय. योग्य वेळी सुरू केलेले नॉरॲड्रेनालिन डायस्टोलिक दाब उचलते, शिरा आवळून हृदयाकडे परतणारे रक्त वाढवते आणि त्यामुळे पुष्कळदा कार्डियाक आउटपुट (हृदयाने मिनिटाला बाहेर टाकलेले रक्त) सुधारतेच. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) पडेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. कोपरात किंवा त्याच्या वर असलेल्या चांगल्या शिरेतून थोड्या काळासाठी ते सुरू करता येते, फक्त परिचारिकेने ती जागा वारंवार तपासत राहायला हवी.

डोपामिनची जुनी सवय

लहान रुग्णालयांतून रेफर होऊन येणाऱ्या रुग्णांना अजूनही कधीकधी डोपामिनचे ड्रिप लावलेले असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,६७९ रुग्णांच्या चाचणीत डोपामिन घेणाऱ्यांपैकी २४.१ टक्के जणांना हृदयाच्या लयीचे विकार झाले, तर नॉरॲड्रेनालिन घेणाऱ्यांत हे प्रमाण १२.४ टक्के होते. ‘मूत्रपिंडासाठी थोडे डोपामिन’ ही समजूत तर २००० मध्येच निकालात निघाली आहे.

लय बिघडल्यावर फक्त नाडीच्या मागे लागणे

शॉकमधल्या रुग्णाची नाडी १४० ला गेली की बीटा-ब्लॉकरची, म्हणजे ठोके मंदावणाऱ्या औषधाची, आठवण होते. ते वेगवान ठोके पुष्कळदा कमी पडणाऱ्या स्ट्रोक व्हॉल्यूमची (एका ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताची) भरपाई करत असतात आणि ते दाबले तर रक्तप्रवाहच कोसळतो. २०१३ मधील एका केंद्रावरच्या एस्मोलॉल या बीटा-ब्लॉकरच्या अभ्यासाने आशा निर्माण केली होती, पण ब्रिटनमध्ये त्याच गटातल्या लँडिओलॉलवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही. आधी ताप, वेदना, रक्ताची कमतरता, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहावे. नवे एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय) सुरू झाले असेल तर डोब्युटामिन किंवा ॲड्रेनालिनची खरोखर गरज आहे का, हे तपासावे आणि व्हॅसोप्रेसिन (वाहिन्या आवळणारे दुसरे औषध) जोडून नॉरॲड्रेनालिन कमी करता येते का ते पाहावे. दाबाचे लक्ष्य विनाकारण उंच ठेवणे हेही याच चुकीत मोडते. ६५–७० आणि ८०–८५ या एमएपीच्या दोन लक्ष्यांची तुलना करणाऱ्या २०१४ च्या फ्रेंच चाचणीत मृत्यूंत फरक पडला नाही, मात्र उंच लक्ष्याच्या गटात नवे एट्रियल फिब्रिलेशन अधिक आढळले. जुना उच्च रक्तदाब असणाऱ्यांना उंच लक्ष्यामुळे डायलिसिसची गरज कमी भासली, त्यामुळे त्यांच्यापुरता वेगळा विचार करता येतो.

व्हॅसोप्रेसिन हृदयाला मदत करते असे मानणे

व्हॅसोप्रेसिनचा बीटा रिसेप्टरशी, म्हणजे ठोके आणि आकुंचन वाढवणाऱ्या हृदयातील ग्राहींशी, संबंध नाही. ठोके वाढवत नाही हा त्याचा गुण, आणि आकुंचनाला काडीचाही आधार देत नाही ही त्याची मर्यादा. मिनिटाला ०.०३ युनिट हा डोस ठरलेला ठेवावा; नॉरॲड्रेनालिनसारखा तो तासातासाला वाढवत नेला तर हृदयाच्या, आतड्याच्या आणि बोटांच्या वाहिन्या आवळून स्नायू व कातडी काळवंडण्याचा धोका वाढतो.

दुबळे नसलेल्या हृदयाला डोब्युटामिन देणे

वर्षानुवर्षे रक्तदाब असलेल्या वृद्ध रुग्णाचे डावे व्हेंट्रिकल जाड आणि लहान असते. द्रव कमी पडलेला असताना अशा व्हेंट्रिकलला डोब्युटामिन दिले तर ते इतके जोराने आकसते की बाहेर जाणारा मार्गच अडतो, बीपी पडते आणि पडलेले बीपी पाहून डोस आणखी वाढवला जातो. औषध वाढवल्यावर बीपी खाली येत असेल आणि छातीवर पूर्वी नसलेली मरमर (स्टेथोस्कोपमधून येणारा सळसळता आवाज) ऐकू येत असेल, तर हीच शंका आधी घ्यावी. उपाय उलटा आहे: डोब्युटामिन थांबवावे, द्रव द्यावेत आणि दाब टिकवण्यासाठी फिनाइलेफ्रिन किंवा व्हॅसोप्रेसिनसारखे फक्त वाहिन्या आवळणारे औषध वापरावे.

ॲड्रेनालिनबाबत एवढेच, की ते सुरू केल्यावर लॅक्टेट वाढणे ही औषधाचीच करामत असू शकते. तेव्हा हातपायांची ऊब आणि लघवी यांवर अधिक भर द्यावा.

पंप, नळी आणि लेबल

हृदयावरचे कित्येक आघात औषधाच्या गुणधर्मांमुळे नव्हे, तर हाताळणीमुळे होतात. ट्रान्सड्यूसर (धमनीदाब मोजणारा सेन्सर) हृदयाच्या पातळीपासून सुमारे १४ सेंटिमीटर खाली राहिला तर दाब जवळपास १० ने जास्त दिसतो, आणि बेड वर केल्यावर तो सरकवायचे राहून गेले की खोट्या आकड्यावर डोस कमी होतो.

लेबलवर औषधाच्या क्षाराचे (सॉल्टचे) वजन आहे की मूळ औषधाचे, हे वाचणे तर अत्यावश्यक आहे, कारण नॉरॲड्रेनालिन बायटार्ट्रेटच्या २ मिलिग्रॅममध्ये मूळ नॉरॲड्रेनालिन साधारण १ मिलिग्रॅमच असते. ॲम्प्यूलची कंपनी बदलली आणि कोणाचे लक्ष गेले नाही, तर त्याच वेगाने दुप्पट किंवा निम्मा डोस जातो. ‘तासाला साडेचार मिली चालू आहे’ असे हँडओव्हरमध्ये सांगण्यालाही काही अर्थ नाही. ६० किलोच्या रुग्णाला, ५० मिलीत ४ मिलिग्रॅम असेल तर साडेचार मिली म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम होतात. ८ मिलिग्रॅम असेल तर तोच वेग ०.२ होतो.

सिरिंज संपत आल्यावर नवी सिरिंज दुसऱ्या पंपावर आधीच चालू करून मग जुनी बंद करावी. रिकामी झाल्यावर बदलायला गेले की दोन मिनिटांत दाब ४० वर येतो, घाबरून वेग दुप्पट केला जातो आणि लगेच तो १८० ला उसळतो. त्याच लुमेनमधून (सेंट्रल लाइनच्या त्याच मार्गातून) अँटिबायोटिक ढकलले तरी नळीत साठलेले औषध एकदम आत जाऊन असाच झटका बसतो. म्हणून नॉरॲड्रेनालिनचा लुमेन वेगळा राखून त्यावर लाल चिकटपट्टी लावावी, आणि सिरिंज बदलण्याची वेळ पाळी बदलण्याच्या वेळेशी जुळत असेल तर जाणाऱ्या परिचारिकेने ती बदलूनच निघावे.