टर्मिनलमध्ये अक्षरांची रुंदी ठरवताना या चुका टाळा

टर्मिनलचा, म्हणजे टंकलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या मजकुराच्या खिडकीचा पडदा म्हणजे सारख्या मापाच्या घरांचा पट असतो आणि कोणते अक्षर किती घरे घेणार, हे प्रोग्राम व टर्मिनल दोघेही आपापल्या परीने ठरवतात. दोघांचा हिशेब जुळला नाही, की तक्त्यातील उभ्या रेषा वाकड्या होतात आणि खोडताना कर्सर भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो.

सर्वांत जुनी चूक लांबीलाच रुंदी समजण्याची आहे. ‘पुणे’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) १२ बाइटांचा आणि ४ युनिकोड चिन्हांचा असला, तरी बहुतेक टर्मिनलांत तो २ घरांत मावतो. त्याला १० घरांचा रकाना द्यायचा झाल्यास सी भाषेतील प्रिंटएफ हे छपाईचे फंक्शन बाइट मोजत असल्यामुळे एकही रिकामी जागा जोडत नाही, पायथनचे एलजस्ट हे उजवीकडे रिकाम्या जागा भरणारे फंक्शन चिन्हे मोजून ६ जोडते आणि प्रत्यक्षात हव्या असतात ८.

यासाठी पॉझिक्समधील (युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणकातील) डब्ल्यूसीविड्थ हे चिन्हाची घरे सांगणारे फंक्शन आहे. मात्र न छापता येणाऱ्या चिन्हासाठी ते उणे १ देते आणि तो उणे १ बेरजेत तसाच मिसळला जातो. आरंभी सेटलोकेल करायचे, म्हणजे प्रोग्रामला वापरणाऱ्याची भाषा व लिपीची मांडणी लागू करायची राहिली असेल, तर देवनागरी अक्षरांनाही हेच उत्तर मिळू शकते.

खरी गुंतागुंत पुढे आहे. युनिकोडच्या वर्गवारीत उकार, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही जागा न घेणारी जोडचिन्हे आहेत, तर काना आणि वेलांटी जागा घेणारी. संगणकशास्त्रज्ञ मार्कुस कून यांच्या रुंदी मोजणाऱ्या बहुप्रचलित कोडमध्ये केवळ पहिल्या गटाला ० रुंदी मिळते, म्हणून ‘मराठी’ची ५ घरे होतात, दुसऱ्या गटालाही ० देणारा कोड तोच शब्द ३ घरांत बसवतो. ‘क्षेत्र’ डोळ्यांना दोनच अक्षरांचा दिसतो, पण सुट्या चिन्हांची बेरीज ४ येते. (‘दऱ्या’ तर दोन प्रकारे टंकता येतो, ५ चिन्हांत किंवा अदृश्य जोडणीचिन्हासह ६ चिन्हांत; त्या अदृश्य चिन्हाला चुकूनही १ घर देऊ नये.)

चौकटीच्या रेषा आणि ग्रीक अक्षरे यांची रुंदी युनिकोडने ‘संदिग्ध’ ठरवली आहे. चिनी-जपानी मांडणी नसेल, तेथे ती १ धरावी.

यांतील कोणता हिशेब शास्त्रशुद्ध, हा वाद मला निरर्थक वाटतो, कारण अखेर समोरचे टर्मिनल जे करते तेच वापरणाऱ्याला दिसते. म्हणून शंका असल्यास ओळीच्या आरंभी ‘मराठी’ छापावे, कर्सरची जागा विचारणारा एस्केप क्रम (टर्मिनलला आज्ञा देणारी विशेष अक्षरांची मालिका) पाठवावा आणि उत्तरातील स्तंभक्रमांकातून १ वजा करावा. दूरच्या सर्व्हरवर या विचारणेला वेळ लागतो, त्यामुळे ती प्रत्येक शब्दाला न करता सुरुवातीला एकदाच करावी आणि छापलेली ओळ पुसून टाकावी.