सावलीतले रोप उन्हात नेताना पानांच्या पेशींना सावरायला वेळ कसा द्यावा

सावलीत वाढलेले रोप एकाएकी कडक उन्हात ठेवले की काही दिवसांतच त्याच्या पानांवर पांढुरके, कोरडे चट्टे पडतात, आणि पाणी कमी पडले असे समजून पुष्कळ जण कुंडीत पाणी ओतत राहतात. असे चट्टे अनेकदा पाण्याअभावी नव्हे, तर पेशींना न पेलवलेल्या प्रकाशामुळे पडलेले असतात.

पान जितका प्रकाश शोषते तितका सगळा त्याला वापरता येत नाही, आणि सावलीतल्या पानाची मर्यादा तर फार लवकर गाठली जाते. उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात आणि हरितलवकातील, म्हणजे पेशीतल्या अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणांतील, ‘प्रकाशप्रणाली २’ या प्रकाश वापरणाऱ्या यंत्रणेतले डी-१ नावाचे प्रथिन मोडते. ही मोडतोड मंद प्रकाशातही अखंड चालूच असते. पेशी मोडलेले डी-१ काढून टाकते आणि नवे बनवून त्याच्या जागी बसवते. मोडण्याचा वेग दुरुस्तीच्या वेगापेक्षा वाढला तरच पानाची कार्यक्षमता घटते. म्हणून रोपाला उन्हापासून कायमचे लपवून ठेवण्यापेक्षा त्याच्या दुरुस्तीचा वेग टिकवणे हेच आपले खरे काम आहे.

पेशी स्वतःचा बचाव कसा करतात, हे घरीही पाहता येते. सावलीत वाढलेले रुंद, पातळ पान निवडून त्यावर काळ्या कागदाची अरुंद पट्टी आडवी लावावी, पानावर तासभर तीव्र प्रकाश पडू द्यावा आणि नंतर पट्टी काढून पान उजेडासमोर धरावे. अनेक वनस्पतींमध्ये झाकलेला भाग गडद हिरवा आणि उघडा भाग किंचित फिकट दिसतो. हरितद्रव्य नष्ट झाल्यामुळे हा फरक पडलेला नसतो; उघड्या भागातले हरितलवक पेशीच्या बाजूच्या भिंतींशी सरकून एकमेकांच्या आडोशाला गेलेले असतात. पान पुन्हा मंद प्रकाशात ठेवल्यावर पट्टा हळूहळू पुसट होतो. ही हालचाल निळ्या प्रकाशामुळे घडते, त्यामुळे लाल काचेखाली हा प्रयोग सहसा फसतो. याच काळात, डोळ्यांना काहीही न दिसता, व्हायोलाझँथिन या रंगद्रव्याचे काही मिनिटांत झिॲझँथिन होते आणि जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकली जाते.

रोप हलवताना सुरुवात सकाळच्या कोवळ्या उन्हापासून, रोज तास-दोन तास ठेवून करावी आणि दहा ते चौदा दिवसांत हा वेळ वाढवत न्यावा. मधे ढगाळ दिवस आले तर ते सरावात धरू नयेत. गारठा असताना स्थलांतर टाळलेलेच बरे, कारण थंडीत प्रकाश शोषला जाणे थांबत नाही, पण दुरुस्ती करणारी विकरे मंदावतात. माती कोरडी असेल तर आदल्या संध्याकाळी नीट पाणी द्यावे; तहानलेले रोप पर्णरंध्रे मिटते, कार्बन डायऑक्साइड आत येणे कमी होते आणि न वापरलेली ऊर्जा आणखी साचते. या दिवसांत कुंडी फिरवू नये, नाहीतर इतके दिवस आडोशाला राहिलेली बाजू एकदम उन्हासमोर येते.

जुन्या पानांकडून फार अपेक्षा ठेवू नये. सावलीत पूर्ण वाढलेले पान आपल्या पेशींचे थर वाढवू शकत नाही. जाड आणि उन्हाला सरावलेले पान नवे फुटते तेव्हाच मिळते. म्हणून स्थलांतर साधले की नाही, हे नव्या पालवीवरून ठरवावे. कोवळ्या पानांवर येणारी तांबूस छटा हे अनेक वनस्पतींत अँथोसायनिन या तांबड्या रंगद्रव्याचे संरक्षण असते आणि ती दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

पान फिकट झाले असले तरी लुसलुशीत असेल, तर रोप पुन्हा विरळ सावलीत नेऊन काही दिवस थांबावे. पांढऱ्या, चुरचुरीत चट्ट्यातल्या पेशी मात्र मेलेल्या असतात आणि तो भाग पुन्हा हिरवा होत नाही. तरीही संपूर्ण पान लगेच कापू नये, कारण उरलेला हिरवा भाग रोपासाठी अन्न बनवतच असतो.

हरितद्रव्याची प्रतिदीप्ती, म्हणजे शोषलेल्या प्रकाशातून ते परत बाहेर टाकत असलेला मंद प्रकाश, मोजणारे यंत्र उपलब्ध असेल, तर पान २० ते ३० मिनिटे अंधारात ठेवून मोजणी करावी. निरोगी पानात प्रकाशप्रणाली २ च्या कमाल कार्यक्षमतेचा आकडा ०.८३ च्या आसपास येतो. दुपारी तो थोडा उतरला तर चालेल, पण पहाटेही तो खालीच राहिला तर रात्रीतून दुरुस्ती पुरी झालेली नाही असे समजावे आणि त्या दिवशी उन्हाचा वेळ वाढवण्याऐवजी कमी करावा.