एकच गडी, चार रोल: ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये बसवायचा कसा

सोलापुरात यंत्रमागवाल्याचं सॉफ्टवेअर ऑब्जेक्ट डेटाबेसवर (प्रोग्रॅममधले ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचे गठ्ठे, जसेच्या तसे साठवणारा डेटाबेस) करायला घेतलं की पहिला घोळ माणसांचाच होतो. पूर्व भागातला एकच गडी दिवसपाळीला एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर, रातपाळीला दुसरीकडं, वर पतसंस्थेचा सभासद आणि गड्ड्याच्या यात्रेत चादरी विकायला तुमच्याकडनंच माल उचलणारा. व्यक्ती ह्या क्लासचे (क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा साचा) कामगार, सभासद, गिऱ्हाईक असे सबक्लास, म्हणजे पोटसाचे, पाडले तर ह्याला घालणार कुठं? जोड्यांचे क्लास करत बसलात तर संपायचेच नाहीत, आणि दोन कारखान्यांत एकदम कामगार हे तर इनहेरिटन्सनं (पोटसाच्यानं मूळ साच्याचे गुण घेणं) जमतच नाही.

म्हणून व्यक्तीमध्ये नाव, जन्मतारीख एवढंच ठेवा. मजुरीचा दर, पाळी, कारखाना, कधीपासून-कधीपर्यंत हे सगळं रोलच्या वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये, त्यात मूळ व्यक्तीचा रेफरन्स (त्या ऑब्जेक्टकडं दाखवणारा दुवा) आणि व्यक्तीकडं आपल्या रोलची यादी. दोन कारखाने म्हणजे कामगार-रोलचे दोन ऑब्जेक्ट, विषय संपला. डेटाबेसवाले बॅकमन आणि दया यांनी रोलची कल्पना १९७७ लाच मांडलीय, तरी लोक अजून सबक्लासच पाडतात!

काम सुटलं की रोल डिलीट करू नका, शेवटची तारीख टाका, नाहीतर बोनसच्या वेळी जुना हिशोब मागतील तेव्हा बसा शोधत. आणि दोन रोल एकाच माणसाचे आहेत का हे बघताना रोलची आयडी नाही, मूळ व्यक्तीची आयडी ताडून बघा.

झेडओडीबी (पायथनचा ऑब्जेक्ट डेटाबेस) वापरत असाल तर रोलची यादी पायथनच्या साध्या लिस्टमध्ये ठेवू नका, पर्सिस्टंटलिस्ट (बदल डेटाबेसला कळवणारी लिस्ट) घ्या. साध्या लिस्टला अपेंड केलेलं डेटाबेसला कळतच नाही, कमिट (बदल पक्के साठवणं) गपगुमान होतं, एरर नाही काही नाही, आणि सर्व्हर रिस्टार्ट केला की नवीन रोल गायब.

आता व्ह्यू. ज्याला स्वतःचा डेटा आहे तो रोल, नुसती बघायची नजर असेल तर व्ह्यू, मी तरी एवढंच बघतो. उचल थकलेले कामगार ही यादी क्वेरीतनं निघते, ती कुठं साठवायची नाही. मुनीमला मजुरी दिसावी, गेटवरच्या वॉचमनला फक्त नाव अन् पाळी, हे पण व्ह्यूच. व्ह्यूमधनं मूळ ऑब्जेक्टच मिळत असेल तर तिथनं केलेला बदल सरळ मूळ जागी जातो. पण कामगार आणि माग जोडून व्ह्यूनं नवीनच ऑब्जेक्ट बनवला तर त्याची आयडी त्या दोघांच्या आयडीवरनं काढा, नाहीतर दर वेळी क्वेरी चालवली की तीच जोडी नवी म्हणून येईल.