रेव्हिटमध्ये स्ट्रक्चरची लिंक भलतीकडे जात होती

नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या साइटचं मॉडेल, रेव्हिट या इमारतीच्या थ्रीडी आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. स्ट्रक्चरवाल्यांची फाईल लिंक केली (आमच्या मॉडेलला जोडली) की कॉलम आमच्या भिंतींपासून कुठल्या कुठे. हाताने सरकवली, तर नवी आवृत्ती आली की पुन्हा तेच. तीन दिवस डोकं उठलं.

कारण प्लॉटच्या सर्व्हेत निघालं. तो यूटीएम (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) ४३ झोनमध्ये, म्हणजे नाशिकला नॉर्दिंग (विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) २२ लाख मीटरच्या घरात. रेव्हिटला मूळबिंदूपासून १६ किलोमीटरपलीकडे भूमिती झेपत नाही. त्यांनी सर्व्हे एका पद्धतीने आणला होता, मी दुसऱ्या.

आधी बॅकअप. आमच्या फाईलमध्ये सर्व्हे ‘लिंक कॅड’ने, एकक मीटर, ‘सेंटर टू सेंटर’ (मध्यावर मध्य). इमारत जागेवरच ठेवून सर्व्हे सरकवला, फिरवला, प्लॉटचा ईशान्य कोपरा जुळवला. मग मॅनेज, कोऑर्डिनेट्स, ‘अक्वायर कोऑर्डिनेट्स’, सर्व्हेवर क्लिक; म्हणजे सर्व्हेचे कोऑर्डिनेट्स आमच्या फाईलने घेतले. कोपऱ्यावर स्पॉट कोऑर्डिनेट (बिंदूचे कोऑर्डिनेट्स दाखवणारी खूण) टाकून आकडे सर्व्हेशी ताडले. (हे टाळू नका.) स्ट्रक्चरवाल्यांनी आमचं मॉडेल लिंक करून कॉलमच्या रेषांच्या ग्रिडवर ग्रिड बसवली, तसंच अक्वायर केलं, सेव्ह केलं. मी जुनी लिंक काढून त्यांची फाईल ‘बाय शेअर्ड कोऑर्डिनेट्स’ने (दोन्ही फायलींच्या सामाईक कोऑर्डिनेट्सवर) घेतली, पिन केली, म्हणजे हलू नये म्हणून लॉक केली. ए-१ कॉलम ग्रिडवर.