ग्योंगबोकगुंगचे छायाचित्रण : ठाण्याहून निघण्यापूर्वी

सोलचा ग्योंगबोकगुंग राजवाडा 1395 मध्ये उभारला गेला, 1592 च्या जपानी आक्रमणाच्या काळात जळाला आणि 1867 मध्ये पुन्हा बांधून झाला. मंगळवारी तो बंद असतो, म्हणून प्रवासाचे दिवस ठरवताना आधी वार पाहावा. हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख घातलेल्यांना प्रवेशशुल्क पडत नाही. ड्रोन मात्र घरीच ठेवावा, कारण मध्य सोलमध्ये तो उडवण्यास बंदी आहे.

आत शिरताच बहुतेक जण गुनजोंगजोन या सिंहासनगृहासमोर मधोमध उभे राहून छायाचित्र घेतात. माझ्या मते हे घाईचे ठरते. प्रांगणाच्या आग्नेय कोपऱ्यात जावे. तेथून वळणदार छपरांमागे इन्वांगसान आणि बुगाकसान हे दोन्ही डोंगर एकाच चौकटीत येतात आणि राजवाड्यासाठी हीच जागा का निवडली असेल, हे डोळ्यांनाच कळते. प्रांगणात दरबाऱ्यांच्या हुद्द्यांप्रमाणे रोवलेले दगड दोन रांगांत आहेत. कॅमेरा जमिनीलगत धरल्यास त्या रांगा नजरेला थेट सिंहासनगृहाकडे नेतात. फरसबंदी ओबडधोबड आहे, तेव्हा व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकू नये.

छपराच्या वळचणीखालील हिरव्या-तांबड्या रंगकामाला दानचोंग म्हणतात. ते सावलीत आणि वर आकाश लख्ख, अशा वेळी वळचणीवर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) धरावे आणि आकाशासाठी दुसरे छायाचित्र घ्यावे. सिंहासनामागील पडद्यावर सूर्य, चंद्र आणि पाच शिखरे रंगवलेली आहेत. आतला उजेड मंद असल्याने आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) वाढवून, फ्लॅश न वापरता, दारातूनच ते टिपावे.

सर्वाधिक वेळ ग्योंगहोएरू या तळ्यातील मंडपासाठी राखावा. त्याला 48 दगडी खांब आहेत, बाहेरचे चौकोनी आणि आतले गोल. तळ्यातले त्याचे प्रतिबिंब टिपण्याची तयारी ठाण्यातच करता येते. पहाटे वारा सुटण्यापूर्वी मासुंदा तलावाच्या काठावर उभे राहून समोरच्या दिव्यांचे आणि झाडांचे प्रतिबिंब टिपावे व पोलरायझर, म्हणजे परावर्तित उजेड कमी करणारी भिंगापुढची फिरती काच, हळूहळू फिरवत राहावे. एका ठरावीक कोनात ते प्रतिबिंब फिके पडते आणि आणखी थोडे फिरवले की परत येते. तो कोन हाताला सवयीचा झाला, तर ग्योंगहोएरूच्या काठावर गर्दीतही चाचपडावे लागत नाही.